विश्लेषण : ट्रॅक्टरच्या टायरमध्ये पाणी कशासाठी भरतात? कुणी भरावे, कुणी टाळावे?

उन्हाळी नांगरट सुरू झाली की एक दृश्य हमखास दिसते. पलटी नांगर जमिनीत रुततो, इंजिन घुमते, मागची मोठी चाके गरागरा फिरतात आणि ट्रॅक्टर मात्र जेमतेम पुढे सरकतो. बांधावरून कुणीतरी सल्ला देतो, ‘टायरमध्ये पाणी भरून घे.’ मालक पंक्चरच्या दुकानात जातो, दोन्ही मागच्या टायरमध्ये पाणी भरतो आणि दुसऱ्या दिवशी फरक जाणवतो. नांगर ओढला जातो, चाक कमी फिरते.

गोष्ट इथे संपत नाही. नांगरट आटोपते, पाणी मात्र टायरमध्येच राहते. त्याच ट्रॅक्टरने जूनमध्ये पेरणी होते, पावसात चिखलणी होते, दिवाळीनंतर ऊस वाहतूक होते. पाणी फुकटचे असल्याने ते भरताना फारसा विचार होत नाही, काढताना तर अजिबात नाही. प्रत्यक्षात त्या पाण्याचा हिशेब डिझेल, जमीन आणि कधीकधी चालकाच्या जिवाशी जोडलेला असतो.

चाक घसरते म्हणजे नेमके काय होते?

ट्रॅक्टरची ताकद अश्वशक्तीत मोजली जाते आणि खरेदीच्या वेळी सगळी चर्चा ‘किती एचपी’ याभोवतीच फिरते. इंजिनाची ही ताकद जमिनीवर उतरते ती टायरमधून. टायर जमिनीला किती घट्ट धरतो, हे प्रामुख्याने त्या चाकावर किती वजन आहे यावर ठरते. ४५ एचपीचे इंजिन असले, तरी मागच्या चाकांवर पुरेसे वजन नसेल तर त्यातली बरीच ताकद माती उकरण्यात जाते.

ढोबळ हिशेब असा की घट्ट जमिनीत ट्रॅक्टर मागच्या चाकांवरील वजनाच्या साधारण निम्म्या ताकदीने अवजार ओढू शकतो. भुसभुशीत किंवा ओल्या जमिनीत हे प्रमाण आणखी घटते. म्हणजे मागे ३०० किलो वजन वाढवले तर ओढ १५० किलोच्या आसपास वाढेल, तीही जमीन घट्ट असेल तर.

थोडी घसरण मात्र हवीच. चाक अजिबात घसरत नसेल, तर ट्रॅक्टरवर गरजेपेक्षा जास्त वजन आहे असा त्याचा अर्थ. नांगरटीसारख्या जड कामात सुमारे ८ ते १५ टक्के घसरण योग्य मानली जाते. जमीन घट्ट असेल तर खालचा आकडा, भुसभुशीत असेल तर वरचा.

लोखंड सोडून पाणी का?

सुरुवातीच्या ट्रॅक्टरांना लोखंडी चाके होती. त्यावरचे दाते जमिनीत रुतत आणि ट्रॅक्टरही अवजड असत. १९३२ मध्ये अमेरिकेत ॲलिस-चामर्स कंपनीने आपल्या ‘मॉडेल यू’ ट्रॅक्टरला हवेचे रबरी टायर बसवून तो बाजारात आणला. रबरी टायरमुळे ट्रॅक्टर रस्त्यावर धावू लागला, हादरे कमी झाले, डिझेल-रॉकेल वाचू लागले. चाक मात्र हलके झाले आणि ते जड करण्याची गरज निर्माण झाली. टायरच्या पोकळीत पाणी भरण्याची युक्ती त्यातूनच रुळली.

त्याच दशकात हॅरी फर्ग्युसन यांनी उलट्या बाजूने विचार केला. ट्रॅक्टर हलकाच ठेवायचा आणि तीन बिंदूंच्या जोडणीतून अवजाराचे वजन व मातीचा दाब मागच्या चाकांवर आणायचा, ही त्यांची कल्पना. १९३६ मध्ये या पद्धतीचा ट्रॅक्टर त्यांनी बाजारात आणला. आज महाराष्ट्रातल्या जवळपास प्रत्येक ट्रॅक्टरच्या मागे हायड्रॉलिकचे जे दोन हात आणि वरची टॉप लिंक दिसते, ती याच कल्पनेची वंशज. कायमचे वजन वाहावे की कामापुरते वजन उसने घ्यावे, हा वाद त्यामुळे जवळपास ९० वर्षांचा आहे.

चाकाला नटबोल्टने जोडायची बिडाची वजनेही मिळतात. ती विकत घ्यावी लागतात, पण काम संपल्यावर काढून ठेवता येतात. पाण्याला खर्च नाही. शिवाय पाण्याचा भार टायरमधून थेट जमिनीवर जातो, एक्सलच्या बेअरिंगवर पडत नाही. वजन खालच्या बाजूला राहिल्याने उतारावर ट्रॅक्टर थोडा अधिक स्थिर राहतो. तोटा एकच, पण मोठा : पाणी काढणे हे अर्ध्या दिवसाचे काम होऊन बसते, म्हणून ते काढले जात नाही.

किती वजन वाढते?

४० ते ५० एचपीच्या अनेक ट्रॅक्टरांना मागे १३.६-२८ आकाराचा टायर असतो. तो तीन-चतुर्थांश भरला तर दीडशे ते पावणेदोनशे लिटर पाणी मावते. दोन्ही चाके मिळून ३०० ते ३५० किलो झाले. या वर्गातला ट्रॅक्टर स्वतः साधारण दोन टनांचा असतो, म्हणजे वजन सुमारे सहाव्या हिश्शाने वाढते. १४.९-२८ किंवा १६.९-२८ आकाराच्या टायरमध्ये पाणी आणखी जास्त बसते.

वजन वाढवल्याने ओढ किती वाढते, याचे अधिकृत आकडेही उपलब्ध असतात. मध्य प्रदेशातील बुदनी येथील केंद्रीय कृषी यंत्र प्रशिक्षण व चाचणी संस्थेत ट्रॅक्टरची चाचणी होते, तेव्हा जादा वजनासह आणि त्याविना, अशा दोन्ही स्थितींत ओढ मोजली जाते. नवा ट्रॅक्टर घेताना विक्रेत्याकडे या अहवालाची विचारणा करायला हरकत नाही. माहितीपत्रकातल्या चित्रांपेक्षा त्यात कामाचे बरेच काही असते.

आपल्या ट्रॅक्टरला गरज आहे का, हे कसे ओळखावे?

बहुतेक जण नजरेने अंदाज करतात. नजर इथे फसवते, कारण १० आणि २० टक्के घसरण डोळ्यांना जवळपास सारखीच दिसते. मोजण्याची पद्धत अगदी सोपी आहे. त्यासाठी लागतो खडूचा तुकडा, दोन खुंट्या आणि सोबत एक माणूस.

मागच्या टायरच्या बाजूला खडूने ठळक खूण करा. नेहमीच्या खोलीवर नांगर लावून, नेहमीच्या गिअरमध्ये ट्रॅक्टर चालवा. सोबत्याने सुरक्षित अंतर ठेवून बाजूने चालायचे. खूण खाली आली की जमिनीत एक खुंटी ठोकायची आणि तिथून चाकाचे १० फेरे मोजून दुसरी खुंटी ठोकायची. मग नांगर उचलून, शेजारच्या न नांगरलेल्या पट्ट्यातून, त्याच गिअरमध्ये तेवढेच अंतर पुन्हा कापायचे आणि या वेळी किती फेरे झाले ते मोजायचे.

नांगर उचलल्यावर तेवढ्याच अंतराला ९ फेरे लागले, तर घसरण १० टक्के. साडेआठ लागले, तर १५ टक्के. ८ लागले, तर २० टक्के. साडेनऊच्या वर गेले, तर घसरण ५ टक्क्यांपेक्षा कमी, म्हणजे ट्रॅक्टर गरजेपेक्षा जड आहे. यापलीकडे कुठलेही गणित करावे लागत नाही.

हा आकडा डिझेलमध्ये बदलून पाहिला की त्याचे महत्त्व कळते. १० टक्के घसरणीत जे रान १० तासांत नांगरून होते, तेच २५ टक्के घसरणीत १२ तास घेते. तासाला चार लिटर डिझेल धरले, तरी दोन तासांचे आठ लिटर वाया गेले. लिटरला सुमारे ९० रुपये धरले तर सातशेवर रुपये झाले, आणि तेही एका दिवसाच्या कामात. घासला जाणारा टायर आणि चालकाचा वेळ वेगळाच. भाड्याने नांगरट करून देणाऱ्याचा दर एकरावर ठरलेला असतो, त्यामुळे हा तोटा सरळ त्याच्या खिशातून जातो. तासावर दर असेल, तर तो शेतकऱ्याच्या खिशातून जातो.

घसरण जास्त आहे, मग लगेच पाणी भरायचे का?

थोडे थांबावे. आधी हवा तपासावी. पंक्चरच्या दुकानात ट्रॉली ओढण्याच्या हिशेबाने टायर टणक भरून देतात आणि त्याच हवेवर ट्रॅक्टर नांगरटीला जुंपला जातो. टणक टायर फुगून मधोमध टेकतो, जमिनीला लागणारे रबर कमी होते आणि चाक घसरते. मागच्या टायरसाठी शेतातल्या कामाला बहुधा १२ ते १६ पौंडांच्या दरम्यान हवा सांगितलेली असते. नेमका आकडा टायर आणि ट्रॅक्टरनुसार बदलतो, तो कंपनीच्या पुस्तिकेत पाहावा. हवा योग्य केल्यावर घसरण पुन्हा मोजावी. काही वेळा प्रश्न तिथेच मिटतो.

दुसरे, टायर गुळगुळीत झाला असेल तर वजन वाढवून फारसा उपयोग होत नाही. तिसरे, हायड्रॉलिकचा ड्राफ्ट कंट्रोल. बऱ्याच चालकांच्या हाताला फक्त पोझिशनच्या दांड्याची सवय असते. ड्राफ्ट कंट्रोलवर नांगर चालवला, तर ओढ वाढताच हायड्रॉलिक नांगराला किंचित वर खेचते आणि ते वजन मागच्या चाकांवर येते. फर्ग्युसन यांची कल्पना ती हीच. फुकटात मिळणारे हे वजन काम संपले की आपोआप उतरतेही.

एकच चाक फिरत असेल आणि दुसरे उभे असेल, तर डिफरन्शियल लॉक आहेच. तो सरळ चालतानाच वापरायचा, वळताना सोडायचा.

हे सगळे करूनही १५ टक्क्यांच्या वर घसरण राहिली, तर पाण्याचा विचार करावा.

पाणी भरण्याची योग्य पद्धत कोणती?

सपाट, पक्क्या जागेवर ट्रॅक्टर उभा करून पुढच्या चाकांना ओटी लावायची. मागचा एक्सल जॅकने उचलून त्याखाली भक्कम आधार द्यायचा. नुसत्या जॅकच्या भरवशावर राहू नये. चाक फिरवून व्हॉल्व्ह बरोबर वर, घड्याळातल्या बाराच्या जागी आणायचा. हवा सोडून व्हॉल्व्हमधली पिन काढायची.

ट्रॅक्टरच्या ट्यूबला बहुधा हवा-पाणी दोन्ही चालणारा व्हॉल्व्ह असतो. त्यावर बसणारा जोड मिळतो. त्यातून नळीने पाणी आत जाते आणि बाजूच्या बारीक छिद्रातून आतली हवा बाहेर पडते. असा जोड नसेल तर दर काही मिनिटांनी नळी काढून हवा बाहेर जाऊ द्यावी लागते, नाहीतर आतल्या हवेच्या दाबाने पाणी जाणेच थांबते. मोटार हवीच असे नाही, उंचावरच्या टाकीचे पाणीही चालते. वेळ थोडा जास्त लागतो एवढेच.

व्हॉल्व्हमधून पाणी बाहेर येऊ लागले की थांबायचे. व्हॉल्व्ह वर असताना पाणी त्याच्या पातळीपर्यंत आले, म्हणजे टायर सुमारे ७५ टक्के भरला. मग पिन बसवून उरलेल्या जागेत हवा भरायची. दोन्ही चाकांत पाणी सारखे असावे. कमी-जास्त झाले तर ट्रॅक्टर एका अंगाला ओढतो.

‘अजून थोडे’ म्हणून टायर काठोकाठ भरणे ही सर्वांत मोठी चूक. हवा दाबली जाते, पाणी दाबले जात नाही. टायरला दगडाचा किंवा खड्ड्याचा दणका बसला की तो आतल्या हवेने झेलायचा असतो. हवाच नसेल तर दणका टायरच्या धाग्यांवर आणि रिमवर जातो. ७५ टक्के भरलेल्या टायरमध्येही हवेची जागा कमीच असते. त्यामुळे हवा थोडी जरी निसटली तरी दाब लवकर उतरतो आणि हवा अधिक वेळा तपासावी लागते. तपासताना व्हॉल्व्ह वर ठेवावा, नाहीतर पाणी गेजमध्ये शिरून गेज बिघडतो.

पाणी स्वच्छ, गाळलेले हवे. गाळाचे पाणी व्हॉल्व्हच्या पिनेत अडकते. किनारपट्टीवर खाडीचे किंवा मचूळ पाणी वापरू नये. ट्यूबमधून झिरपलेले खारे पाणी रिमचा पत्रा खाते आणि ते टायर उतरवल्याशिवाय दिसतही नाही.

रेडियल टायर असेल तर हात आणखी आखडता घ्यावा. त्याची बाजूची भिंत लवचिक असते आणि त्या लवचिकतेसाठीच जास्त पैसे मोजलेले असतात. पाण्याने ती कडक होते. अशा टायरला कंपनीने सांगितले असेल तेवढेच पाणी भरावे किंवा बिडाची वजने लावावीत.

कोणत्या कामाला पाणी उपयोगी, कोणत्या कामाला अडचणीचे?

इथेच सर्वाधिक गफलत होते. जे काम कमी वेगात आणि जास्त ओढीचे असते, त्याला पाणी उपयोगी. पलटी नांगर, सबसॉयलर, खोल लावलेला कल्टिव्हेटर ही अशी कामे. ट्रॅक्टरच्या पुढे लोडर बसवला असेल, तर मागे तोल राखण्यासाठीही या पाण्याचा उपयोग होतो.

रोटाव्हेटरचे तसे नाही. त्याची पाती पीटीओच्या ताकदीवर फिरतात आणि जमीन कापताना ट्रॅक्टरला पुढे ढकलतात. चाकांना ओढायचे काम जवळपास नसतेच. आता कित्येक शेतकऱ्यांकडे वर्षातले बरेचसे काम रोटाव्हेटरवरच होते. अशा ट्रॅक्टरमध्ये कायम पाणी भरून ठेवणे म्हणजे तीन क्विंटलचे पोते उगीच पाठीवर घेऊन शेतभर फिरणे.

पेरणीचेही तेच. पेरणी यंत्राला ओढ कमी लागते. नुकत्याच तयार केलेल्या भुसभुशीत रानावरून जड ट्रॅक्टर गेला की चाकोरीतली माती दबते आणि त्या ओळीतली उगवण मागे पडते.

भंडारा, गोंदियासारख्या धानपट्ट्यात चिखलणीला तर पाणी भरलेला ट्रॅक्टर डोकेदुखीच. चिखलात जड ट्रॅक्टर आणखी रुततो. तिथे हलका ट्रॅक्टर आणि लोखंडी केज व्हील हाच रुळलेला मार्ग आहे. उन्हाळ्यात नांगरटीसाठी पाणी भरले असेल, तर चिखलणीआधी ते काढलेले बरे.

नाशिक, सांगलीच्या द्राक्षबागांत वेगळी अडचण आहे. फवारणीचा ट्रॅक्टर हंगामात त्याच दोन ओळींमधून, त्याच चाकोरीतून पुन्हा पुन्हा जातो. मागे औषधाने भरलेली ब्लोअरची टाकी असतेच. त्यात चाकातल्या पाण्याचे वजन वाढले की चाकोरीखालची माती आणखी दबते, आणि वेलीची मुळे तिथून फार दूर नसतात.

ट्रॅक्टर पुढून उचलतो, त्यावर हा उपाय आहे का?

नाही. उलट हा गैरसमज जिवावर बेतू शकतो.

गाळप हंगामात उसाच्या फडातून भरलेली ट्रॉली बाहेर काढताना किंवा दोन ट्रॉल्या घेऊन चढ चढताना ट्रॅक्टरचे तोंड वर उचलले जाते. ओढ जितकी जास्त, तितके वजन पुढच्या चाकांवरून मागे सरकते. स्टिअरिंग हातात राहण्यासाठी पुढच्या चाकांवर एकूण वजनाच्या निदान २० टक्के भार असावा, असा सर्वसाधारण नियम आहे. त्यापेक्षा कमी झाला की चाके वळवली तरी ट्रॅक्टर वळत नाही. आणखी कमी झाला की ट्रॅक्टर मागच्या मागे उलटतो. सावरायला चालकाला वेळच मिळत नाही.

अशा वेळी ट्रॅक्टर मागच्या चाकांभोवती उचलला जातो. त्या चाकांतले पाणी पुढचे तोंड खाली धरून ठेवू शकत नाही. उलट त्याने चाकाची पकड वाढते. आधी ओढ झेपली नाही की चाक घसरून मोकळे होत असे. आता ते घसरत नाही, आणि इंजिनाची सगळी ताकद पुढचा भाग उचलायला वापरली जाते. मागे पाणी भरले म्हणून जास्त ट्रॉल्या जोडणे हे म्हणूनच दुहेरी धोक्याचे आहे.

यावर उपाय म्हणजे पुढच्या बंपरला लावायची कंपनीची वजने. बंपरवर किंवा बॉनेटवर माणसे बसवणे हा उपाय नव्हे, जरी हंगामात ते सर्रास दिसत असले तरी. ट्रॅक्टर एकदम खाली आदळला तर सगळ्यात आधी चाकाखाली जातो तो तिथे बसलेला माणूस.

रुतलेली ट्रॉली साखळीने ओढताना साखळी कुठे अडकवली, यालाही तितकेच महत्त्व आहे. ती नेहमी खालच्या ड्रॉबारला, म्हणजे मागच्या एक्सलच्या पातळीखाली हवी. टॉप लिंकच्या जागी किंवा एक्सलच्या वर अडकवली, तर ओढ थेट ट्रॅक्टरला मागे पलटवते. चाकात पाणी असो वा नसो.

डांबरी रस्त्यावर पाणी भरलेल्या टायरने ट्रॅक्टर जोरात पळवू नये. आतले पाणी हिंदकळते, ब्रेक दाबताना आणि वळताना झटके बसतात.

गिअरबॉक्स आणि जमिनीवर काय परिणाम होतो?

घसरणारे चाक हे एका अर्थाने ट्रॅक्टरचे फ्यूज असते. ओढ झेपली नाही की चाक फिरते आणि क्लच, गिअर, डिफरन्शियल वाचतात. वजन गरजेपेक्षा जास्त वाढवले की हे फ्यूज उडतच नाही आणि ताण आतल्या भागांवर जातो. कमी एचपीच्या ट्रॅक्टरला मोठा नांगर जोडून, तो ओढला जावा म्हणून पाणी भरणाऱ्यांना याचा फटका बसतो. बिल येते ते पाण्याचे नाही, क्लच प्लेटचे.

जमिनीचे नुकसान उशिरा दिसते. वरच्या काही इंचांतली माती किती दबणार, हे टायरमधल्या हवेच्या दाबावर बरेच अवलंबून असते. खोलवर किती दबणार, हे मात्र एक्सलवरच्या एकूण वजनावर ठरते. वरचा थर पुढच्या नांगरटीत मोकळा होतो. नांगराच्या खोलीखाली तयार झालेला कडक थर तसाच राहतो आणि वर्षागणिक घट्ट होत जातो. काळ्या भारी जमिनीत, विशेषतः वाफसा नसताना जड ट्रॅक्टर घातला, तर हे लवकर घडते. पावसाचे पाणी मुरत नाही, मुळे खाली न जाता आडवी पसरतात. मग तो थर फोडायला सबसॉयलर लागतो आणि सबसॉयलर ओढायला पुन्हा जड ट्रॅक्टर.

पंक्चर झाल्यावर काय?

पाणी भरलेल्या टायरचे पंक्चर काढणे साधे नसते. आधी पाणी काढावे लागते. चाक उचलून व्हॉल्व्ह खाली आणायचा, पिन काढायची आणि पाणी वाहू द्यायचे. शेवटी थोडे तळाशी राहतेच, ते हवेच्या दाबाने बाहेर काढतात.

पाणी न काढता चाक उतरवणे मात्र धोक्याचे. रिम, टायर आणि आतले पाणी मिळून चाकाचे वजन अडीच क्विंटलच्या वर जाऊ शकते. ते कलंडले तर एकटा माणूस त्याला थोपवू शकत नाही. पंक्चर काढणाऱ्याला ‘आत पाणी आहे’ हे आधीच सांगायला हवे. ट्रॅक्टर घेऊन दुकानात जाणारा अनेकदा मालक नसतो, रोजंदारीवरचा चालक असतो आणि त्यालाच ते ठाऊक नसते. रिमवर ठळक अक्षरांत ‘पाणी’ असे रंगवून ठेवायला खर्च फारसा नाही.

परदेशी व्हिडिओंत दाखवतात ती रसायने वापरावीत का?

मोबाइलवर दिसणाऱ्या अमेरिका-कॅनडातल्या व्हिडिओंत शेतकरी टायरमध्ये कॅल्शियम क्लोराइडचे द्रावण भरताना दिसतात. तिथे हिवाळ्यात नुसते पाणी टायरमध्येच गोठते, म्हणून हा खटाटोप. हे द्रावण पाण्यापेक्षा जडही असते. पण ते लोखंड झपाट्याने गंजवते, गळाले तर रिमही खाते आणि त्या जागेवरचे पीकही जाळते. त्याला पर्याय म्हणून तिथे साखरेच्या बीटपासून बनवलेला रसही टायरमध्ये भरतात. तो गोठत नाही, गंजवत नाही आणि पाण्यापेक्षा बराच जड असतो.

महाराष्ट्रात निफाडचा पारा एखाद्या पहाटे चार-पाच अंशांवर उतरला, तरी टायरमधले दीडशे लिटर पाणी गोठण्याची भीती नाही. आपल्याकडे साधे स्वच्छ पाणी पुरेसे आहे.

जुना ट्रॅक्टर घेताना पाणी कसे ओळखावे?

जुन्या ट्रॅक्टरच्या व्यवहारात इंजिनाचा आवाज ऐकला जातो, तास पाहिले जातात, टायर किती टक्के उरला यावर घासाघीस होते. टायरच्या आत काय आहे, हे क्वचितच कुणी विचारते. तपासणी मिनिटाभराची आहे. ट्रॅक्टर थोडा पुढे-मागे करून मागच्या चाकाचा व्हॉल्व्ह खाली आणायचा आणि पिन क्षणभर दाबायची. हवा आली तर टायर कोरडा, पाणी आले तर भरलेला. पाण्यासोबत तांबूस गाळ आला, तर आत गंज धरल्याची शंका घ्यावी आणि टायर उतरवून रिम पाहिल्याशिवाय किंमत ठरवू नये. दोन्ही चाके वेगवेगळी तपासावीत. एका चाकात पाणी आणि दुसऱ्यात नुसती हवा, असेही निघते. पंक्चर काढताना पाणी सोडलेले असते आणि नंतर ते भरायचे राहून गेलेले असते.